तोताराम मास्तरांची बक्षिसं

हिवरपाण्याच्या शाळेवर माझी नेमणूक झाली ती १९४४च्या जूनमध्ये. चोपड्याहून उत्तरेला सातपुड्याकडे निघालं की बैलगाडीची वाट एका नाल्यापाशी संपते. तिथून पुढं दीड कोस पायी. पोहोचलो तेव्हा कुडाच्या शाळेपुढं एक उंच, वाळलेला माणूस सहा पोरांना घेऊन बसला होता. पोरांशी तो जे बोलत होता त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. ते तोताराम मास्तर. हिवतापानं त्यांच्या पोटातली पानथरी वाढली होती आणि पोटाची एक बाजू सदऱ्यातूनसुद्धा फुगलेली दिसायची. जिल्हा स्कूल बोर्डानं मला मदतनीस म्हणून पाठवलं होतं, पण ही जागा लवकरच मला सांभाळावी लागणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो पावसाळा आम्ही शाळेमागच्या एकाच खोलीत काढला. नाल्याला पूर आला की पोरं येत नसत. मग दुपारभर मास्तर बोलत. स्वतःची बाजू मांडायची म्हणून ते बोलत नव्हते. "तू इथं राहणार आहेस, सुकदेव. तुला ठाऊक असलेलं बरं," एवढंच एकदा म्हणाले.

ते मूळचे बोदवडचे. वडील शिंपी, स्टेशनाच्या रस्त्यावर मशीन टाकून बसायचे. तोताराम एकुलता एक. फायनल पास झाले, ट्रेनिंग केलं आणि १९२६ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी हिवरपाण्याला आले. नुकतंच लग्न झालेलं. बायको कुंदाबाई सासऱ्यांपाशी बोदवडला राहिली. दोन वर्षांत बदली होईल आणि मग बिऱ्हाड करू, असं ठरलं होतं.

शाळेच्या पटावर तेवीस नावं होती, येत मात्र चौघं. पावरा आदिवासींचे पाडे टेकड्यांवर विखुरलेले, आणि पोरांना कामं पुष्कळ. चैत्रात मोहाची फुलं वेचायची, मग चारोळी, मग डिंक, पावसाळ्यात शेतावरची पाखरं हाकायची. शाळेत बसून पोट भरत नव्हतं. तरुण मास्तर पाड्यापाड्यावर फिरले, समजावून थकले. लोक ऐकून घेत, मोहाच्या फुलांची भाकरी पुढं करीत, आणि दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा रानात जाई.

दुसऱ्या वर्षी त्यांना युक्ती सुचली. चोपड्याहून फुटाणे आणि गूळ आणला. जे पोर एक पान न अडखळता मोठ्यानं वाचील त्याला मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. आणि जे अख्खं पुस्तक वाचून दाखवील त्याला नवा कपडा: मुलाला बंडी, मुलीला पोलकं. वडिलांना पत्र लिहिलं. वडिलांनी दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून कपडे शिवून पाठवायला सुरुवात केली. म्हाताऱ्याची हौस अशी की प्रत्येक कपड्याला लाल गोट लावलेला असे.

महिन्याभरात पटावरची तेवीसच्या तेवीस पोरं शाळेत दिसू लागली. दिवाळीनंतर चौतीस झाली. लांबच्या पाड्यांवरून पोरं पहाटेची निघून येत. शाळेपासून लांब, टेकडीवर उभं राहिलं तरी वाचण्याचा गलका ऐकू यायचा. मास्तर मला म्हणाले, "त्या आवाजानं मला नशा चढली रे. सकाळी ते ऐकताना वाटायचं, देवानं मला याचसाठी इथं धाडलं."

त्या चौतिसांत गेंदा होती. कुवरसिंगची थोरली मुलगी, नऊ-दहा वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ घेऊनच यायची, त्याला खाली सोडायची आणि मांडी घालून बसायची. कुवरसिंग हा पाड्यावरचा मानाचा माणूस. जंगलतोडीला जाणाऱ्या माणसांच्या टोळीचा तो पुढारी होता. बाजारात बोलण्यापुरती अहिराणी त्याला येत होती. आई बिजलीबाईला तीही येत नव्हती.

गेंदाचा कान विलक्षण होता. एकदा दाखवलेलं अक्षर ती विसरायची नाही आणि एकदा ऐकलेला शब्द जसाच्या तसा, मास्तरांच्या बोदवडी हेलासकट म्हणायची. पहिलं पुस्तक तिनं पाच महिन्यांत संपवलं. लाल गोटाचं पोलकं घालून ती पाड्यावर गेली, तेव्हा बिजलीबाईनं शेजारणींना गोळा करून ते दाखवलं होतं.

सुरुवातीला गेंदा प्रश्न विचारायची. धड्यात समुद्राचं वर्णन होतं. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "मास्तर, जहाज काय शे? झाड शे का?"

पोरं हसली. खरं तर त्यांच्यातल्याही कुणाला ते माहीत नव्हतं. मास्तरांना ते सांगायचं तर आधी समुद्र सांगायला हवा होता, आणि तो कोणत्या बोलीत सांगणार? त्यांना पावरी येत नव्हती. मागं अकरा पोरं पान वाचायला ताटकळत होती. ते म्हणाले, "पुढचं वाच."

आणि नियम तर नियम होता. मध्येच थांबलं तर ते अडखळणंच धरलं जाई. त्या दिवशी गेंदाला फुटाणे मिळाले नाहीत. तिनं भावाला उचललं आणि मुकाट्यानं घरी गेली. त्यानंतर तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.

हे सांगताना मास्तर दाराबाहेरच्या पावसाकडं बघत होते. म्हणाले, "ती शहाणी पोर. काय केलं की फुटाणे मिळतात आणि काय केलं की जातात, ते तिनं एका दिवसात ओळखलं. मीच शिकवलं ते."

तिनं दुसरं पुस्तक संपवलं, तिसरं संपवलं. मोडी वाचण्याला वेगळं बक्षीस होतं, पत्र्याच्या चौकटीतला आरसा. तोही तिनं मिळवला. पाड्यावरच्या बायका पाळीपाळीनं त्यात तोंड बघायच्या.

१९३० साली डिप्टीसाहेब तपासणीला आले. डोंगरातल्या शाळेत एवढी पोरं बघून ते चकित झाले. गेंदाला उभी केली. आधी पुस्तकातलं वाचायला लावलं, मग स्वतःच्या पिशवीतलं वर्तमानपत्र काढून तिच्या हातात दिलं. गेंदानं पहिला स्तंभ वरून खालपर्यंत वाचला. आवाज खणखणीत. एकही शब्द अडला नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा अर्थ काय, हे साहेबांनी विचारलं नाही आणि मास्तरांनीही नाही. साहेबांना संध्याकाळच्या आत चोपड्याला परतायचं होतं.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'कु. गेंदा कुवरसिंग ही कोणताही मजकूर अस्खलित व समजपूर्वक वाचते. शिक्षकाची बक्षिसांची पद्धत इतर शाळांनी अनुकरण करण्याजोगी आहे.' त्यातला 'समजपूर्वक' हा शब्द मास्तरांच्या डोळ्यांना टोचला. हात जोडून, "साहेब, एवढं नाही," असं म्हणायला तेव्हा क्षणभर सवड होती. ते बोलले नाहीत. शेऱ्याखाली त्यांनी सही केली.

कुवरसिंग दारापाशी उकिडवा बसला होता. साहेब निघताना त्याच्याजवळ थांबले आणि म्हणाले, "तुझ्या मुलीला आता कुठलाही कागद दे, घडाघडा वाचील."

कुवरसिंगला ती भाषा नीट कळली नाही. त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी अहिराणीत सांगितलं, "साहेब म्हनतस, पोरगी बठ्ठा कागद वाचस. आते तुले कोनता बी कागदनी धास्ती नही."

धास्तीचं साहेब बोलले नव्हते. ते मास्तरांनी आनंदाच्या भरात पदरचं जोडलं होतं.

पुढं दोन वर्षं चांगली गेली. गेंदा मोठी झाली, शाळेत येणं कमी झालं, पण बक्षिसाचा दिवस ती चुकवायची नाही. चार पोलकी झाली. अंगाला होईनाशी झाली ती तिनं धाकट्या बहिणींना दिली. मास्तरांचं नाव तालुक्यात झालं. जामनेरच्या मोठ्या शाळेवर त्यांची बदली होणार, असं पत्र कुंदाबाईला गेलं. तिनं बिऱ्हाडाची भांडी घासूनपुसून ठेवली.

१९३२च्या दिवाळीत मास्तर बोदवडला गेले. वडिलांनी अंथरूण धरलं होतं. सुट्टी संपली तरी त्यांना निघता आलं नाही. कार्तिकाच्या मध्यावर वडील वारले. दिवसकार्य आटोपून मास्तर परतले तेव्हा पाच आठवडे उलटून गेले होते. हिवरपाण्यात जे व्हायचं ते त्या पाच आठवड्यांत होऊन गेलं होतं.

जंगलाच्या ज्या भागाची तोड चालू होती त्याचा ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराकडं होता. त्याचा मुनीम रुपचंद कामावर देखरेख करी. त्या वर्षी रुपचंदनं कुवरसिंगच्या टोळीला हद्दीच्या खुणेच्या दगडांपलीकडं नेलं आणि चाळीस साग पाडायला लावले. कुठवर तोडायचं हे मुनीम दाखवील तिथवर, अशीच रीत होती. लाकूड गेलं. पण राखीव जंगलात उरलेले खुंट रखवालदारांच्या नजरेला पडले आणि चौकशी लागली. तेव्हा रुपचंद एका सकाळी कागद घेऊन पाड्यावर आला. कुवरसिंगला म्हणाला, "झाडांच्या तोडीचा कागद आहे. इथं अंगठा कर."

पूर्वीचा कुवरसिंग असता तर एकतर तो अंगठा करता, नाहीतर घाबरून रानात निघून जाता. दोन्हीतलं काही त्यानं केलं नाही. तो ताठ उभा राहिला. म्हणाला, "थांब शेठ. मन्ही पोर वाची. मंग अंगठा."

रुपचंदच्या तोंडचं पाणी पळालं. हे पाहणारी दगडीबाई, कुवरसिंगची म्हातारी चुलती, बारा वर्षांनी मला तोडक्या अहिराणीत सांगत होती, "त्यानं कागद मागं घ्यायला हात पुढं केला होता. पण कुवरसिंगनं तो गेंदाच्या हातात दिलासुद्धा."

अंगणात सगळा पाडा जमला. गेंदा उभी राहिली, डिप्टीसाहेबांपुढं राहिली होती तशीच, पाय जुळवून. आणि तिनं तो मोडीतला कागद वाचला.

'लिहून देणार कुवरसिंग वल्द जामसिंग लिहून देतो की, सदरहू राखीव जंगलातील हद्दीबाहेरील सागाची झाडे नग चाळीस मी आपले राजीखुशीने व ठेकेदाराचे गैरमाहितीत तोडली व माणसांकडून तोडविली. यात दुसऱ्या कोणाचा संबंध नाही.'

कुठं थांबली नाही, कुठं चाचरली नाही. लोक माना डोलावत होते. साग, झाडं, तोडली, एवढे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. तोडीचाच कागद होता आणि झाडं तर त्यांनी तोडलीच होती. 'राजीखुशी' ऐकून कुवरसिंगला हसू आलं. अर्ध्या वाचनातच रुपचंदला उमगलं की वाचणारीला काही कळत नाही. त्याचा चेहरा पूर्ववत झाला. वाचून संपल्यावर तो म्हणाला, "शाब्बास पोरी!" आणि बंडीच्या खिशातून बत्तासे काढून त्यानं तिच्या हातावर ठेवले. गेंदानं घेतले. चांगलं वाचलं की काहीतरी मिळतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

कुवरसिंगनं, शेठलाही कळावं म्हणून, तिला अहिराणीत विचारलं, "बराबर शे का?"

गेंदा म्हणाली, "बराबर शे."

ती खोटं बोलली नव्हती. एकही अक्षर चुकलं नव्हतं, आणि तिच्या लेखी बरोबर म्हणजे तेवढंच होतं. कुवरसिंगनं अंगठा केला.

मास्तर परत आले तेव्हा कुवरसिंग चोपड्याला कोठडीत होता. बिजलीबाई शाळेच्या दारात बसून होती. ती काही बोलली, बराच वेळ बोलली, आणि सहा वर्षं तिथं राहिलेल्या मास्तरांना त्यातलं काही समजलं नाही. गेंदानं ते तोडक्यामोडक्या अहिराणीत सांगितलं. मग मास्तर विचारू लागले, कागदात काय होतं? गेंदा उभी राहिली आणि तिनं सबंध मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला.

मास्तर म्हणाले, "गेंदा, गैरमाहितीत म्हणजे काय?"

गेंदानं तो शब्द पुन्हा एकदा, स्पष्ट उच्चारून, म्हणून दाखवला. चार वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच अर्थ विचारला होता.

मास्तर खटल्यात साक्ष द्यायला गेले. त्यांना वाटलं होतं, आपण सगळं खरं सांगू आणि माणूस सुटेल. त्यांनी सांगितलं, की मुलीला वाचता येतं पण कळत नाही. बापाला फसवून अंगठा घेतला. ठेकेदाराचे वकील शांतपणे उठले. त्यांनी शाळेचं शेरेबुक मागवून घेतलं होतं. 'समजपूर्वक' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही सही आपली?"

"होय."

"हा शेरा खरा की खोटा?"

मास्तर म्हणाले, "खोटा."

"मग सही का केलीत?"



वकील म्हणाले, "मास्तर, पोरीला कळत नव्हतं म्हणता. मग चार वर्षं तुम्ही तिला शिकवलंत काय?"

मागं बसलेले लोक हसले. मास्तर मला म्हणाले, "वकील ठेकेदाराच्या मिठाला जागला. पण सवाल त्यानं योग्य विचारला. अजून माझ्यापाशी त्याला उत्तर नाही."

कुवरसिंगला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. अंगठा त्याचा, साक्षीला सगळा पाडा, आणि कागद वाचून घेतला होता हे त्यानं स्वतःच, मोठ्या अभिमानानं, कबूल केलं. लेकीला वाचता येतं हे सांगायची संधी त्यानं तिथंही सोडली नाही.

तुरुंगात त्याला तापानं धरलं. सुटून आला तेव्हा पायांना सूज होती, श्वास लागत होता. नाल्यापासून पाड्यापर्यंत त्याला झोळीत घालून आणावं लागलं. मास्तर रोज जाऊन बसत. पाड्यावर त्यांना कुणी वाईट बोललं नाही. पाणी देत, बसायला घोंगडी टाकत. ते सहन होत नसे, असं ते म्हणाले. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एके दिवशी कुवरसिंग म्हणाला, "मास्तर, त्या कागदमा काय लिखेल व्हतं, ते आते माले सांग. कोर्टमा बठ्ठा बोलनात, माले काही समजनं नही."

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. अहिराणी त्यांची घरची नव्हती आणि कुवरसिंगची तर मुळीच नव्हती. शब्द पुरेनात. हातवारे करून, दगड मांडून, दगडापलीकडं काटक्या रोवून त्यांनी दाखवलं की हा खुणेचा दगड, ही पलीकडची झाडं, आणि कागद म्हणतो की मुनीम तुला तिकडं घेऊन गेला नाही, तू आपणहून गेलास, त्याला पत्ताच नव्हता.

कुवरसिंगनं त्यातली एक काटकी उचलून पाहिली.

"इतलंच व्हतं?" तो म्हणाला. "हाई तर पोरले कोनी बी सांगी देतं."

गेंदा तिथंच, चुलीपाशी बसली होती.

भाद्रपदात कुवरसिंग गेला. त्यानंतर गेंदा शाळेच्या वाटेनं आली नाही. पोलकी मात्र कुणी फेकली नाहीत. धाकट्या बहिणी ती फाटेपर्यंत घालत होत्या. कापड ते कापड, आणि घरात दुसरं नव्हतं.

मास्तरांनी बक्षिसं बंद केली. वडील गेल्यानं शिवणारंही कुणी उरलं नव्हतं, पण असतं तरी त्यांनी बंदच केली असती. पोरं हळूहळू गळाली. चौतिसांची बारा झाली, बाराची सहा. नवीन डिप्टी आले, त्यांनी जुना शेरा वाचला, समोरची सहा पोरं पाहिली आणि मास्तर आळशी झाले आहेत असं लिहून गेले. मास्तरांनी सही केली.

जामनेरच्या बदलीचा हुकूम आला होता. त्यांनी तो नाकारला. हे कुंदाबाईला पत्रानं कळवलं, स्वतः गेले नाहीत. तिनं उत्तर पाठवलं नाही. पुढं ते दिवाळीला जात, आठ दिवस राहत, परत येत. मूलबाळ झालं नाही. "तिचा काही दोष नव्हता," मास्तर म्हणाले. "ते बिऱ्हाड मी मोडलं, मांडण्याच्या आधीच."

ते रोज दुपारी दगडीबाईच्या अंगणात जाऊन बसू लागले. तिच्यासाठी नाल्यावरून पाणी आणून द्यायचे आणि तिच्याकडून पावरी शिकायचे. तिशी ओलांडलेला माणूस, जीभ वळत नसे. म्हातारी हसायची, पोरं हसायची. तीन वर्षांनी त्यांना लोकांचं बोलणं कळू लागलं, पाचव्या वर्षी भांडणात मध्यस्थी करण्याइतकं बोलता येऊ लागलं. शाळेत मग धडा आधी पावरीत सांगायचा, पोरांनी त्यावर हवं तेवढं विचारायचं, आणि मगच पुस्तक उघडायचं. एक पान आठ-आठ दिवस चाले. सहाच्या वर पोरं मात्र कधी झाली नाहीत. पाड्यावर त्यांच्याबद्दल राग नव्हता, पण वाचणाऱ्या पोरीच्या बापाचं काय झालं, हे कुणी विसरलंही नव्हतं.

गेंदाचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, नदीपलीकडच्या पाड्यावर. १९३९ साली मास्तर तिला भेटायला गेले. सहा वर्षं त्यांचा धीर झाला नव्हता. गेंदाला दोन मुलं झालेली. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. मास्तर तिच्या बोलीत बोलू लागले तेव्हा ती चमकली. एका शब्दाचा उच्चार त्यांनी चुकीचा केला, तो तिनं सुधारून दिला.

इकडचं तिकडचं झालं. जाताना मास्तरांनी विचारलं, "वाचतेस का कधी?"

ती म्हणाली, "वाचत नाही, मास्तर. पण अक्षरं दिसली की आपोआप वाचली जातात. थांबवायला गेलं तरी थांबत नाहीत. म्हणून चोपड्याच्या बाजारात मी खाली बघून चालते."

ती पुढं बोलली, मुलाच्या केसांतून हात फिरवत.

"तो कागद मला पाठ आहे. तेव्हा त्यातले तीन-चार शब्द कळत होते. नंतर एकेक कळत गेला. बाजारात कुणी बोललं, जंगलखात्याचा गार्ड कुणाला ओरडला, की मला वाटायचं, अरे, हा तर त्यातला शब्द. 'राखीव' कळला. 'हद्द' कळला. मागच्या वर्षी 'गैरमाहिती' कळला. आता सगळा कळतो."

मास्तरांनी हात जोडले. "गेंदा, मला—"

"नको," ती म्हणाली. "तू वाईट नव्हतास. फुटाणे गोड होते. घरी काही नसायचं तेव्हा." मग ती उठली आणि आत गेली. मास्तर थोडा वेळ खाटेवर बसून राहिले. ती बाहेर आली नाही. नदी उतरून ते परत आले.

हे मला सांगितलं तो श्रावणातला दिवस होता. त्यानंतर महिन्याभरानं मास्तरांना थंडी वाजून ताप भरला तो उतरला नाही. चोपड्याला न्यावं म्हटलं, तर नाल्याला छातीभर पाणी. दगडीबाई उशाशी बसून होती. शेवटचे दोन दिवस ते मराठीत बोललेच नाहीत. जे काही बोलत ते पावरीत, आणि मला ते कळत नव्हतं. मी दगडीबाईला विचारलं, काय म्हणतायत? ती म्हणाली, "काही नाही. पोरांना हाका मारतोय."

पाड्यावरच्या माणसांनी त्यांना खांदा दिला. गेंदाला निरोप गेला होता. नदीच्या पुरामुळं ती आली नाही, की दुसऱ्या कशामुळं, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

पूर ओसरल्यावर मी त्यांची वळकटी आणि पेटी घेऊन बोदवडला गेलो. तापी नावेनं ओलांडली, धरणगावला गाडी धरली. स्टेशनाच्या रस्त्यावरचं दुकान आता दुसऱ्या कुणाचं होतं. मागच्या दोन खोल्यांत कुंदाबाई एकट्या राहत होत्या. लोकांच्या घरी पापड-कुरडया करून द्यायच्या. पत्रानं बातमी कळली होतीच. त्यांनी पेटी उघडली नाही, भिंतीशी सरकवून ठेवली.

"तुम्ही किती दिवस होतात त्यांच्यापाशी?" त्यांनी विचारलं.

"चार महिने."

"चार महिने," त्या म्हणाल्या. मनात काही हिशेब करत असाव्यात. "आमचे सगळे मिळून तेवढेच भरतील."

त्यांनी चहा टाकला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जेवत काय होते तिथं?"

"भाकरी. कधी भात. एक म्हातारी भाजी आणून द्यायची."

"आंबट चालत नसे त्यांना."

"चालायचं," मी म्हणालो. "अंबाडीची भाजी आवडीनं खायचे."

त्या वळल्या. माझ्याकडं बघत राहिल्या, मी भलत्याच कुणाबद्दल बोलतोय अशा. "अंबाडीची?" त्या म्हणाल्या. "घरी तर हात लावायचे नाहीत."

चहाची कपबशी त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर गाडी येऊन गेल्याची शिटी झाली, रस्त्यावरून चार माणसं बोचकी घेऊन गेली. माझी परतीची गाडी तासाभरानं होती.